राजकीय संघर्षावर माहितीपट: कॅमेऱ्याच्या आधीचं आणि नंतरचं काम

घटना घडली की बातमीदार पोचतो. माहितीपट करणारा त्या घटनेच्या कितीतरी आधीपासून एखाद्या घरात येत-जात असतो आणि गर्दी ओसरल्यावरही तिथे जात राहतो. त्यामुळे त्याच्या कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांवर मोर्चा आणि लाठीमार यापेक्षा बरंच काही साठतं. घर कोणत्या गल्लीत आहे, मुलं कोणत्या शाळेत जातात, रात्री कोण भेटायला येतं, बैठक कुणाकडे भरते, सगळं. चित्रीकरण आटोपलं की आपण निघून जातो. ती माणसं तिथेच राहतात. या क्षेत्रात करिअर करायचं तर संमती, कार्ड, एडिट, प्रदर्शन यांतला प्रत्येक निर्णय या एका फरकाशी ताडून घ्यायची सवय लागायला हवी. नव्याने येणारी मुलंमुली कॅमेरा कोणता घ्यावा हे सगळ्यात आधी विचारतात. तो प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे.

शिरकाव असिस्टंट एडिटर म्हणून करावा, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या कुणाचं शे-दोनशे तासांचं फुटेज बसून पाहिलं, लॉग केलं, म्हणजे कुठे काय आहे ते नोंदवलं, की काय राहून जातं ते आपोआप कळायला लागतं. उत्तर देऊन माणूस गप्प झाला, चेहरा बदलायला लागला, आणि नेमका तेव्हाच कॅमेरा बंद झालाय. खोलीचा मोकळा आवाज मिनिटभर घ्यायचा राहिलाय, त्यामुळे दोन वाक्यं जोडली की मधे खड्डा ऐकू येतो. माणूस दार उघडून आत येताना कुठेच नाही, तो थेट खुर्चीतच उगवतो. सगळं सांगितलेलं आहे, घडताना काहीच नाही. आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवलेली नसणं. एरवी ती किरकोळ अडचण ठरते. संघर्षाच्या फिल्ममध्ये मात्र आधी दगड आला की आधी अश्रुधूर, हाच वाद असतो. रोज सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांची आणि रेकॉर्डरची वेळ जुळवायची आणि प्रत्येक कॅमेऱ्यातून फोनच्या घड्याळाचा पाच सेकंदांचा शॉट घ्यायचा. वर्षभराने एडिटर दुवा देईल.

दुसरी वाट साउंड रेकॉर्डिस्टची. चित्र हललं, अंधुक आलं तरी प्रेक्षक चालवून घेतो. बोललेलं कळलं नाही तर प्रसंगच मरतो. तिसरी वाट स्थानिक पत्रकार किंवा व्हिडिओग्राफर असण्याची, आणि गेल्या काही वर्षांत अनेक महत्त्वाच्या फिल्म याच वाटेने आल्या आहेत. इमाद बुरनात हे पॅलेस्टिनी शेतकरी आपल्याच गावातलं आंदोलन वर्षानुवर्षं चित्रित करत राहिले आणि त्यात एकामागून एक पाच कॅमेरे मोडले. ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ हे २०११ च्या फिल्मचं नाव त्यावरूनच पडलं. बाहेरून आलेल्याला असा सलग काळ मिळत नाही. मग त्याने स्थानिकांशी सह-दिग्दर्शनाचा, हक्कांच्या वाटणीचा करार करावा. नुसते ‘विशेष आभार’ पुरेसे नाहीत.

पैशांबद्दल थोडक्यात. आधी डेव्हलपमेंटसाठी, म्हणजे फिल्मच्या पूर्वतयारीसाठी, छोटी रक्कम मिळवायची, त्यातून शोधकाम आणि चार-पाच मिनिटांचा टीझर करायचा, मग ट्रीटमेंट (फिल्म कशी मांडणार याचं टिपण), बजेट, वेळापत्रक घेऊन मोठ्या निधीकडे जायचं. अ‍ॅमस्टरडॅमच्या इडफा या माहितीपट महोत्सवातला फोरम, टोरंटोचा हॉट डॉक्स महोत्सव यांसारख्या ठिकाणी निर्माते, वाहिन्या आणि निधी देणाऱ्या संस्था एकत्र भेटतात. बजेटमध्ये नवखे लोक ठरावीक गोष्टी विसरतात: भाषांतर आणि मुलाखती शब्दशः लिहून काढणं, वकील, विमा, सुरक्षेचं प्रशिक्षण, फिल्ममधल्या कुणाला तातडीने दुसरीकडे हलवावं लागलं तर त्याचा खर्च, आणि १० टक्के राखीव रक्कम. एडिटचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवावेत. शूटवर सगळं संपवून टाकलेल्या फिल्म डिस्कमध्ये पडून राहतात, आणि ज्यांनी जोखीम घेऊन तोंड उघडलं त्यांची जोखीम वाया जाते.

आता संमती. वाहिन्यांना सही केलेला रिलीज फॉर्म, म्हणजे चित्रण वापरायच्या परवानगीचा कागद, लागतो. पण जिथे पाळत आहे, धरपकड सुरू आहे, तिथे नाव, पत्ता, सही असलेले कागद म्हणजे आयती यादी. छाप्यात फुटेज सापडलं नाही तरी ही फाईल सापडते. अशा ठिकाणी संमती कॅमेऱ्यावर तोंडी घ्यावी आणि ती क्लिप बाकीच्या फुटेजपासून वेगळ्या, एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या, डिस्कवर ठेवावी. नाव घेऊ नये, सांकेतिक क्रमांक द्यावा. नाव आणि क्रमांक यांची जोडणी देशाबाहेर एकाच विश्वासू माणसाकडे असावी.

संमती एकदाच घेऊन भागत नाही. पहिल्या भेटीत माणसाला फिल्म म्हणजे काय होणार याची कल्पनाच नसते. त्यामुळे तेव्हा, मग चित्रीकरण संपताना आणि शेवटी फाइन कट (जवळजवळ अंतिम एडिट) दाखवून, असं निदान तीनदा विचारावं. विचारतानाही मोघम बोलू नये. ‘फिल्म बाहेर दाखवली जाईल’ असं म्हटलं की समोरच्याला परदेश ऐकू येतो आणि तो निर्धास्त होतो. त्याला सरळ सांगावं की ट्रेलर मोबाईलवर फिरेल, तुमच्या शेजाऱ्याच्या फोनवर येईल, पोलिसांच्याही येईल. अमुक देशात दाखवणार नाही, या आश्वासनाला अर्थ नाही; देशानुसार लावलेली बंधनं सहज ओलांडता येतात. कैदेत असलेला, उपाशी, नुकताच कुणी गमावलेला माणूस ‘हो’ म्हणतो तेव्हा त्या होकाराची परीक्षा आणखी कडक करावी. त्या दिवशी शूट केलं तरी वापरण्याची परवानगी काही आठवड्यांनी परत मागावी.

चेहरा लपवायचा ठरला तर तो चित्रीकरणातच लपवणं सगळ्यात सुरक्षित. पाठीमागून, हातांवर, सावलीत, फोकस पूर्ण सोडून. नंतर कॉम्प्युटरवर लावलेला ब्लर हा दुसरा पर्याय, कारण मूळ चेहरा कुठल्या तरी डिस्कवर राहतोच. शिवाय हलत्या माणसावरचा मोझेक एखाद्या फ्रेममध्ये घसरतो, आणि तेवढी एक फ्रेम पुरते. प्रत्येक ब्लर केलेला शॉट फ्रेम-फ्रेमने एकदा तपासायलाच हवा, आणि तोही ज्याने ब्लर केला त्याने नाही, दुसऱ्या कुणीतरी. चेहरा गेला तरी माणूस ओळखू येतो: चालीवरून, अंगठीवरून, हातावरच्या व्रणावरून, गोंदणावरून, मागच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीवरून. आवाजाची पट्टी खाली-वर केली की झालं, हा समज चुकीचा आहे. तो बदल उलटवता येतो. ओळख खरंच लपवायची असेल तर ते बोलणं दुसऱ्या माणसाच्या आवाजात पुन्हा रेकॉर्ड करावं, आणि तसं पडद्यावर लिहावं. चेहऱ्यावरचे भाव घालवायचे नसतील तर एक नवा मार्ग आहे. डेव्हिड फ्रान्स यांच्या ‘वेलकम टू चेचन्या’ या २०२० च्या फिल्ममध्ये चेचन्यातल्या छळातून पळून आलेल्या समलिंगी व्यक्तींच्या चेहऱ्यांवर स्वयंसेवकांचे चेहरे डिजिटल पद्धतीने बसवले होते. हे काम खर्चाचं आहे, वेळखाऊ आहे, आणि सुरुवातीपासून बजेटमध्ये धरावं लागतं.

हाच नियम युनिटलाही. ‘द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग’ या २०१२ च्या फिल्मच्या श्रेयनामावलीत इंडोनेशियातल्या कितीतरी सहकाऱ्यांच्या जागी, एका सह-दिग्दर्शकाच्याही जागी, ‘अनामिक’ एवढंच लिहिलेलं आहे. श्रेय हवं की सुरक्षितता, हे त्या माणसाने ठरवायचं, दिग्दर्शकाने नाही.

संध्याकाळचं कार्डांचं काम नीट लिहितो, कारण बहुतेक फुटेज इथेच हरवतं किंवा इथेच पकडलं जातं. कॅमेऱ्यातल्या कार्डांवर एन्क्रिप्शन सहसा नसतंच. डिसेंबर २०१६ मध्ये दीडशेहून अधिक माहितीपटकार आणि छायापत्रकारांनी कॅमेरा कंपन्यांना खुलं पत्र लिहून ही सोय मागितली होती. म्हणजे शूट झालेलं कार्ड खिशात असतं तेवढा वेळ ते कुणीही वाचू शकतं, आणि तो वेळ जितका कमी तितकं बरं. कार्डांना क्रमांक द्यावेत. भरलेलं कार्ड पाकिटात उलटं ठेवावं, म्हणजे अंधारातही चूक होत नाही. एसडी कार्डाची छोटी कळ लॉककडे सरकवावी. कॉपी करताना फोल्डर नुसता ओढून टाकू नये. चेकसम, म्हणजे प्रत मुळाशी तंतोतंत जुळते का हे दाखवणारा आकडा, तपासणारं सॉफ्टवेअर वापरून एकाच वेळी दोन एन्क्रिप्ट केलेल्या एसएसडींवर कॉपी करावं. मग चार-पाच क्लिप सुरुवातीला, मधे आणि शेवटी उघडून पाहाव्यात, आवाजासकट. दोन्ही डिस्क वेगवेगळ्या माणसांकडे, वेगवेगळ्या छपरांखाली गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच करायचं.

आता हिशोब. १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने तासाभराचं फुटेज ४५ जीबी होतं. दिवसाला चार तास धरले तर १८० जीबी, दहा दिवसांचं १.८ टीबी. दोन प्रती म्हणजे ३.६ टीबी. डिस्क काठोकाठ भरू नये, म्हणून प्रत्येक प्रतीसाठी २ टीबीच्या दोन एसएसडी न्याव्यात. तिसरी प्रत बाहेर पाठवायची म्हटलं तर २० मेगाबिटच्या अपलोडवर एका दिवसाचं मूळ फुटेज जायला वीस तास लागतात. हे जमणारं नाही. त्याऐवजी ५ मेगाबिटच्या प्रॉक्सी, म्हणजे कमी दर्जाच्या हलक्या प्रती, बनवून पाठवाव्यात. चार तासांच्या प्रॉक्सी ९ जीबी होतात आणि तासाभरात जातात. मूळ डिस्क जप्त झाल्या तरी निदान एवढं वाचतं. इंटरनेटच बंद केलं तर डिस्क माणसाबरोबर न्यावी लागते, आणि ती ज्याने शूट केलं त्याच्याबरोबर जाऊ नये. १९७३ मध्ये चिलीत लष्करी उठाव झाल्यावर पात्रिसिओ गुस्मान यांच्या ‘द बॅटल ऑफ चिली’ची रिळं स्वीडनच्या दूतावासामार्फत बाहेर गेली, म्हणून ती फिल्म पुढे उभी राहिली. तिचे छायाचित्रणकार होर्हे म्युलर सिल्वा १९७४ मध्ये पकडले गेले. ते नंतर कुणालाच दिसले नाहीत.

सीमेवर किंवा नाक्यावर जाण्याआधी फोन नुसता लॉक करू नये, पूर्ण बंद करावा. बोटाचा ठसा आणि चेहरा ओळखणं बंद करून लांब पासकोड ठेवावा. लॅपटॉपवर त्या प्रवासाला लागतं तेवढंच असावं. कॅमेऱ्यात साध्या, निरुपद्रवी शॉट्सचं एखादं कार्ड असलेलं चांगलं. पूर्ण रिकामा कॅमेरा जास्त प्रश्न ओढवून घेतो. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या सहसा अडवत नाहीत. १०० ते १६० पर्यंतच्या फार तर दोन, तेही विमान कंपनीच्या परवानगीने.

शरीराच्या सुरक्षेबद्दल गैरसमज फार आहेत. आंतरराष्ट्रीय युद्धांसाठीच्या १९७७ च्या जिनिव्हा अतिरिक्त प्रोटोकॉलचं ७९ वं कलम युद्धक्षेत्रातल्या पत्रकाराला नागरिक मानतं. पण देशांतर्गत दंगलीत समोरच्या जमावाने ते वाचलेलं नसतं. मऊ, कापडी गोळीरोधक जाकीट पिस्तुलाची गोळी अडवतं, रायफलची नाही. रायफलसाठी आत कडक प्लेटा लागतात आणि मग ते अंगावर दहा किलोंच्या आसपास जातं. काही देशांत असं जाकीट नेण्यालाच परवाना लागतो. अश्रुधुरात कॉन्टॅक्ट लेन्स घालू नयेत, आणि दाढीवर मास्क घट्ट बसत नाही.

खरी जीव वाचवणारी वस्तू म्हणजे टूर्निकेट, रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा, पिळायची दांडी असलेला पट्टा. तिचं प्लास्टिकचं वेष्टण घरीच काढावं आणि ती कुठल्याही एका हाताने पोचेल अशी बाहेर अडकवावी. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, पण सांध्यावर नाही, अशी लावायची. जखम कुठे आहे तेच कळत नसेल तर जितकी वर जाईल तितकी वर. आधी पट्टा हाताने ओढून पूर्ण ताणायचा. इथे ढिलाई झाली की दांडी कितीही पिळली तरी रक्त थांबत नाही. मग रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची, अडकवायची, वेळ लिहायची आणि डॉक्टर येईपर्यंत सोडायची नाही. जखमी ओरडतो म्हणून सैल करणं ही नेहमीची चूक. नीट बसलेली टूर्निकेट दुखतेच. जांघेत किंवा काखेत ती लागत नाही. तिथे रक्त थांबवणारं औषधी गॉझ जखमेत ठासून निदान तीन मिनिटं पूर्ण वजनाने दाबायचं. छायापत्रकार आणि माहितीपटकार टिम हेदरिंग्टन २० एप्रिल २०११ रोजी लिबियातल्या मिसराता इथे जखमी झाले आणि रक्तस्रावाने गेले. त्यानंतर त्यांचे सहकारी सबॅस्टियन युंगर यांनी मुक्त पत्रकारांना हेच प्रथमोपचार शिकवणारी संस्था सुरू केली. असं प्रशिक्षण घेतल्याशिवाय पहिल्या शूटला जाऊ नये, आणि घेतलेलं दोन-तीन वर्षांनी पुन्हा घ्यावं.

संपर्काची वेळ ठरवून घ्यायची, आणि ती चुकली तर पुढे काय हे कागदावर लिहून ठेवायचं: अर्ध्या तासाने कुणी कुणाला फोन करायचा, दोन तासांनी वकिलाला, चार तासांनी दूतावासाला की आधी घरच्यांना. ज्याच्यावर हे सोपवलं तो त्या दिवशी दुसऱ्या कामात नसावा. नेहमीच्या प्रवास विम्यात युद्ध आणि दंगल सहसा वगळलेली असते. तो भाग वेगळा घ्यावा लागतो. तो फिक्सरचा, म्हणजे वाट दाखवणाऱ्या आणि ओळखी करून देणाऱ्या स्थानिक सहकाऱ्याचा, आणि ड्रायव्हरचाही काढावा. आपल्या अंगावर जाकीट आणि फिक्सरच्या अंगावर शर्ट, हे दृश्य लाजिरवाणं आहे. आत जायचं की नाही यावर फिक्सरचा नकार अंतिम मानावा, आणि नकार दिला म्हणून त्याचे त्या दिवसाचे पैसे कापू नयेत.

एडिटमध्ये सगळ्यात आधी भाषांतर. एकाच भाषांतरकारावर विसंबू नये, विशेषतः तो संघर्षातल्या एका बाजूचा असेल तर. महत्त्वाच्या मुलाखती दुसऱ्याकडून स्वतंत्रपणे करून घ्याव्यात आणि जिथे दोघांत फरक पडतो तिथे मूळ बोलणं तिसऱ्यासोबत ऐकावं. शिवी, टोमणा, धर्माचा किंवा जातीचा उल्लेख नेमका इथेच गुळगुळीत होतो.

मग क्रम. दुसऱ्या दिवशीचा धावणारा जमाव आदल्या दिवशीच्या गोळीबाराला जोडला, तर साध्या फिल्ममध्ये ती सोय ठरते. इथे तो खोटा पुरावा आहे. एक शॉट असा सापडला की विरोधक पूर्ण फिल्म फेकून देतात, आणि त्यांचं चुकत नाही. टाइमलाइनवरच्या प्रत्येक शॉटचा कार्ड क्रमांक, तारीख, जागा लिहिलेला तक्ता ठेवावा. वकिलाला आणि विमा कंपनीला तो लागतोच. लोकांच्या मोबाईलवरचं फुटेज वापरताना मूळ फाइल मागावी, मेसेजमधून आलेली नको, कारण त्यात तारीख-वेळेची माहिती पुसली जाते. मिळाल्याबरोबर तिचा हॅश, म्हणजे फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा तिच्यावरून काढलेला आकडा, नोंदवावा. जागा उपग्रहचित्रांशी, वेळ सावल्यांशी ताडून पाहावी. संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय आणि बर्कली विद्यापीठाचं मानवाधिकार केंद्र यांनी २०२० मध्ये आणलेला बर्कली प्रोटोकॉल, म्हणजे डिजिटल पुराव्यांच्या तपासाची मार्गदर्शिका, यासाठी वाचावा. तो तपास करणाऱ्यांसाठी लिहिलाय, पण एडिटरलाही तितकाच उपयोगी आहे. ज्याच्यावर आरोप येतो त्याला लेखी विचारावं, उत्तराला पुरेसा वेळ द्यावा आणि पोच जपून ठेवावी.

हे फुटेज रोज पाहणाऱ्या एडिटरवर आणि मुलाखती लिहून काढणाऱ्यांवर त्याचा परिणाम होतो, आणि त्यांना कुणी विचारत नाही. भयंकर क्लिपांवर आधीच खूण करावी, म्हणजे नको तेव्हा समोर येणार नाहीत. पाहताना खिडकी लहान, चित्र कृष्णधवल आणि गरज नसेल तर आवाज बंद. सगळ्यात खोल आवाजच जातो. दिवसाचं शेवटचं काम असल्या फुटेजचं नसावं. समुपदेशकाचे तास बजेटमध्ये असावेत आणि ते घ्यायला कुणाची परवानगी लागू नये.

शेवटी डिलिव्हरी. इथे मोठी फिल्मसुद्धा घसरते. वाहिनी किंवा प्लॅटफॉर्म फक्त मास्टर, म्हणजे फिल्मची अंतिम मूळ प्रत, मागत नाही. सबटायटल नसलेली प्रत, संवादाचा वेगळा ट्रॅक, ट्रेलर, फोटो, कधी पूर्ण प्रोजेक्ट फाइलही मागतो. ब्लर फक्त मुख्य मास्टरवर असेल आणि सबटायटल नसलेल्या प्रतीवर राहून गेला, किंवा बदललेला आवाज अंतिम ध्वनिमिश्रणात असेल आणि संवादाच्या ट्रॅकवर मूळ आवाज तसाच गेला, तर एवढी सगळी मेहनत एका फाइलपायी पाण्यात. म्हणून ओळख लपवलेले शॉट आधी ब्लरसकट नवी फाइल म्हणून स्वतंत्रपणे रेंडर करून घ्यावेत, मूळ क्लिप टाइमलाइनवरून काढून टाकाव्यात आणि त्यानंतरच प्रती बनवाव्यात. पोस्टरवर कुणाचा चेहरा टाकायचा याची संमती वेगळी घ्यावी.

फिल्म लागल्यावर काम चालूच राहतं. सरकार बदलतं, कायदा बदलतो, काल सुरक्षित असलेला माणूस आज नसतो. प्रत्येक मोठ्या प्रदर्शनाआधी फिल्ममधल्या प्रत्येकाची परिस्थिती पुन्हा विचारावी, आणि मास्टर बदलून देण्याचा हक्क वितरणाच्या करारात पहिल्यापासून लिहून घ्यावा; नंतर मागितला तर मिळत नाही. प्रत्येक आवृत्तीला क्रमांक द्यावा. कुणाचा चेहरा झाकावा लागला तर नवी प्रत पाठवून थांबू नये. जुनी प्रत कोणकोणत्या महोत्सवाकडे, लायब्ररीकडे, उपशीर्षकं करणाऱ्याकडे आहे त्याची यादी काढावी, ती पुसायला सांगावी आणि पुसल्याची लेखी पोच प्रत्येकाकडून घ्यावी.